बिनउंबऱ्याची गाडी

संध्याकाळ व्हायला लागली की आमच्या अंगणातली बस सुरू व्हायची. घरघरत, धूर सोडत ती पेरूच्या झाडाखालून निघायची आणि अंगण ओलांडून शेवग्याखाली जाऊन थांबायची. तेवढाच तिचा प्रवास. मग आमचे घरमालक खाली उतरायचे, कमरेवर हात ठेवून नव्या जागेकडे समाधानानं बघायचे आणि घराकडे तोंड करून ओरडायचे, "मुक्काम हलवला गं!"

आतून मालकीणबाई विचारायच्या, "आज कुठल्या गावाला हाईसा? च्या तिकडंच धाडू का?"

नव्वदच्या दशकातली आमची बरीच वर्षं कोल्हापुरात या माणसाच्या मागच्या दोन खोल्यांत गेली. मी जवळच्या शाळेत शिकवायची. आमचे हे वारणानगरला नोकरीला होते आणि सुट्टीला घरी यायचे. वडील गेल्यापासून आई माझ्याजवळच असायची. खोली मागायला गेलो तेव्हा सामान टेम्पोतच होतं. मालकांनी आडनाव विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. टेम्पोपाशी आले, आमच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाले, "पत्रा बरा हाय. ऱ्हावा."

ठोकून बघणं ही त्यांची जन्माची सवय होती. उद्यमनगरात उभी हयात बसच्या बॉडी बांधण्यात गेलेली. भिंत, कलिंगड, पाण्याचं पिंप, जे समोर येईल त्यावर बोटं वाजवायची आणि कान देऊन ऐकायचं. एकदा आमच्या ह्यांच्या पाठीवरही टकटक करून, "सर्दी हाय, काढा घ्या," असं सांगून मोकळे झाले होते. सर्दी खरंच होती, पण ती शिंकांवरून आळीतल्या सगळ्यांनाच कळलेली होती.

कारखाना पुतण्याच्या हवाली केल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी बस विकत घेतली आणि आतल्या सगळ्या सीटा उपटून टाकल्या. मग तिच्यात काय काय आलं! एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला शेगडीचा ओटा, टपावर पाण्याची टाकी, भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल, डबे घरंगळू नयेत म्हणून कठड्याची फळी. खाटेच्या उशाशी त्यांनी एक बुटकी खिडकी पाडली होती, निजलेल्या माणसालाही रस्ता दिसावा म्हणून. तिला ते घरगाडी म्हणायचे. ही गाडी घेऊन दक्षिणेला जायचं, पार रामेश्वरापर्यंत, असा त्यांचा बेत होता. तो बेत आम्ही राहायला आलो तेव्हाही होता आणि आम्ही खोल्या सोडल्या तेव्हाही होता.

अडचण पैशाची नव्हती की तब्येतीचीही नव्हती. अडचण होती मुक्कामाची. "जायचं कुठं त्ये कुनीबी सांगंल. ऱ्हायचं कुठं त्ये सांगा," असं ते म्हणायचे. आणि राहायची जागा स्वतः जाऊन बघितल्याशिवाय गाडी त्या दिशेला तोंडसुद्धा करणार नाही, हा त्यांचा नियम. मुलगी बघायला जावं तसे ते मुक्काम बघायला जायचे. धुतलेला सदरा, टोपी, खिशात सुपारी. एसटीनं जायचं, गावाच्या कडेला मोकळी जागा शोधायची आणि तिथं सरळ आडवं व्हायचं. पाठीला उतार कळतो म्हणे. दुपारची सावली सरकते कुठं, हे तिथंच झोपून बघायचं. पाणी कुठलं ते विचारायचं. आणि शेवटचा प्रश्न, जो ऐकून गावोगावचे लोक चक्रावून जात, तो असा: "हितं लई भांडखोर मानूस कोन?"

त्या माणसाच्या शेजारी गाडी लावायची. का, तर भांडखोर माणूस जागा असतो, परका आला की आधी ओरडतो आणि पोटात काही ठेवत नाही. गोड बोलणाऱ्याच्या शेजारी त्यांना झोप लागत नसे. जागा पसंत पडली की जमीनमालकासमोर सुपारी फोडायची, की मुक्काम पक्का. राधानगरीकडच्या एका गावात त्यांनी अशी चौकशी करून सुपारी फोडली आणि महिन्यानं पुन्हा जागा बघायला गेले, तर घर सारवलेलं, पोहे तयार आणि त्या घरातली थोरली मुलगी नवी साडी नेसून बसलेली. मालकांनी पोहे खाल्ले, खरं काय ते सांगितलं, त्या लोकांच्या शिव्याही खाल्ल्या, आणि पुढं दोन वर्षं खपून त्या मुलीसाठी चांगलं स्थळ बघून दिलं. मालकीणबाई हा किस्सा सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या.

मालकीणबाईंची स्वतःची एकच तक्रार होती. गाडीला उंबरा नव्हता. "चूल हाय, देवाचा कोनाडा हाय, आनी उंबरा न्हाय. दसऱ्याला हळदकुंकू कशाला लावू, टायराला?" मालक म्हणायचे की बसला कधी कुणी उंबरा बसवलाय का, माणूस अडखळून पडेल. पण अखेर बायकोपुढं त्यांनी हात टेकले. सुताराकडून सागवानी फळी तासून आणली. ती बसवायची तेवढी बाकी होती.

त्याच सुमाराला माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. ती त्यातून उठली, पण डावा हात आणि डावा पाय म्हणावा तसा परत आला नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता जपा. मालक त्या दिवसापासून तिला रोज दुपारी गाडीत नेऊन बसवायला लागले. आई खाटेवर पडून त्या बुटक्या खिडकीतून आळी बघायची आणि मालक समोर बसून तिला कधीच न झालेल्या प्रवासांच्या गोष्टी सांगायचे. शाळेतून आले की मला दोघांच्या गप्पा लांबून ऐकू यायच्या आणि हायसं वाटायचं.

एकदा ते असेच कुठून तरी मुक्काम बघून आले होते. शेवग्याखाली चहा चालला होता.

"ह्या खेपंला गडहिंग्लजला गेलतो," मालक सांगत होते. "गावाच्या कडंला मोकळी जागा हाय. चिंच हाय मोठी. सावली बगायला पडलो चिंचंखाली. डोळा लागतोय तवर शेजारच्या गोठ्यातनं एक बाई आली की शेनाचं घमेलं घेऊन! म्हंती, कोन रं तू? मेलायस का जित्ता हाईस? म्हटलं, जित्ता हाय, मुक्काम बगतोय. म्हंती, झोपून मुक्काम बगत्यात व्हय? ऊठ, म्हसरं यायची हाईत! असली बाई. गावात इचारायचीबी गरज पडली न्हाय. म्हटलं, ठरलं. गाडी हितंच लावायची."

आम्ही हसलो. आई हसली नाही.

"गोरी हाय का?" तिनं विचारलं. "उजव्या गालावर चामखीळ?"

"हाय की."

"बोलताना पदराचं टोक दातात धरती?"

"धरती. तुमास्नी काय ठावं, ताई?"

आईनं कप खाली ठेवला. "माझी धाकटी भन हाय ती."

मालकांना खूप आनंद झाला. सोयऱ्याचीच जागा निघाली म्हणून ते टाळी मागायला लागले. पण आई म्हणाली, "न्हाय. त्या बाजूला माझं कोन न्हाय." आणि मला म्हणाली, मला घरात ने.

त्या संध्याकाळी मुक्काम हलला नाही. मी नळावर पाणी भरत होते तेव्हा मालक आले आणि त्यांनी काय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. माझ्या लग्नात मांडवातल्या गडबडीत मावशीच्या आधी तिच्या धाकट्या जावेची ओटी भरली गेली. सख्खी बहीण मागं आणि परकी पुढं. मावशी भरल्या ताटावरून उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्याच्यापुढं तुझ्या उंबऱ्याला पाय लावला तर बापाचं नाव सांगायची न्हाय." आईही तिच्याच बापाची लेक. तिनं तीच शपथ उलट घातली. त्यानंतर दोघींनी ती पाळली. माझे वडील गेले तेव्हा मावशी आमच्या कोपऱ्यापर्यंत आली, तिथंच रस्त्यावर बसून रडली आणि तशीच माघारी गेली. आईनं ते खिडकीतून पाहिलं होतं. तेव्हापासून गडहिंग्लजकडचं कुणी भेटलं की आई विचारायची, "तिकडं पाऊसपानी कसं काय?" तिला पावसाचं काही पडलेलं नव्हतं. मरायच्या आधी बहीण भेटावी एवढंच तिच्या मनात होतं, आणि शपथ मेलेल्या बापाच्या नावाची होती.

मालक ऐकत होते. पिंपावर बोटं वाजवत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "शपथ उंबऱ्याचीच हाय न्हवं? दुसऱ्या कशाची न्हाय?"

"उंबऱ्याचीच."

"मग बगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सागवानी फळी घेतली, खाली दोन ठोकळे मारले आणि तिचा पाट करून टाकला. मालकीणबाई आधी संतापल्या. मग त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी स्वतःच तो पाट पुसून गाडीत नेऊन ठेवला. त्यानंतर मालक वरचेवर गडहिंग्लजला जायला लागले. विचारलं की म्हणायचे, सावली बघायला गेलतो. एवढी सावली कुठल्या झाडाला असते, असं मालकीणबाई मला डोळा मारून विचारायच्या.

आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं की रामेश्वर राहू द्या, आपण ताईंना गोकर्ण दाखवून आणू. आईची ती जुनी इच्छा होती. पहिला मुक्काम गडहिंग्लज. आमच्या ह्यांनी नकाशा काढून सांगितलं की सरळ रस्ता निपाणीवरून जातो, हा फाटा कशाला, आणि दोन तासांवर मुक्काम करतं का कोणी? मालक म्हणाले, "पावणं, गाडी तुमची हाय का माझी?"

मला भीती होती ती आईची. गडहिंग्लज म्हटल्यावर ती नाही म्हणेल. पण पिशवी भरताना ती फक्त म्हणाली, "ती हिरवी इरकल घाल. घडी न मोडलेली." मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "देवाला काय जुनेर नेसून जायचं?" पण निघताना तिनं जुनंच लुगडं नेसलं आणि इरकल तशीच घडीत राहिली.

दुपार कलताना आम्ही चिंचेखाली पोचलो. मालकांनी गाडी लावताना तीनदा मागंपुढं केली. दार बरोबर गोठ्याच्या समोर आलं, पण गोठ्यापासून लांब, मधे सगळी मोकळी जमीन. मालकीणबाईंनी शेगडी पेटवली. आई खाटेवर उशाच्या खिडकीकडे तोंड करून पडली होती आणि त्या खिडकीतून मावशीचं घर सरळ दिसत होतं. आता कोणी काही करायचं उरलं नव्हतं. मालक टोपी काढून दाराशी उभे होते.

मावशी आली. हातात दुधाची चरवी होती. आमच्याकडे न बघता मालकांना म्हणाली, "वाटसरू आल्यात म्हनून दूध आनलंय. हितं ठेवते."

"हितं धुळीत? आत द्या की."

"आत कुनाचं घर हाय?"

"कुनाचंच न्हाय. गाडी हाय."

"चूल पेटलीया, खाट हाय, भांडी हाईत," मावशी म्हणाली. "घरच म्हनायचं ह्येला."

"घर म्हनायला उंबरा पायजे, बाई. हात फिरवून बगा. हाय का?"

मला वाटलं ती चिडून परत जाईल. पण तिनं चरवी खाली ठेवली, तळहात पदराला पुसला आणि वाकून दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हात फिरवला. सावकाश, अगदी सगळीकडे. पत्रा सपाट होता. तिनं परत एकदा फिरवला. मग "न्हाय," म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला.

आतून आईचा आवाज आला, "नीट चढ. दूध सांडशील."

इतक्या वर्षांनंतरचं ते पहिलं बोलणं. मावशी चढली. मालकीणबाईंनी पाट पुढं सरकवला आणि ती त्यावर आईच्या पायथ्याशी बसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"केवढी वाळलीस गं अक्का."

"आनी तू केवढी सुटलीस."

मग आईनं मला ती इरकल काढायला सांगितली. मालकीणबाईंनी तांदूळ आणि नारळ आधीच काढून ठेवला होता. आई त्यांना म्हणाली, "तुमी भरा हिची ओटी. मला आता चालत न्हाय." वडील गेल्यापासून तिनं कुणाची ओटी भरली नव्हती.

"कुनाला चालत न्हाय?" मावशी एकदम चढ्या आवाजात म्हणाली. "मला चालतंय. माझी ओटी हाय. भर तू."

ओटी भरायला ओंजळ लागते. आईचा उजवा हात पुढं आला, डावा मांडीवरच राहिला. मावशीनं तो आपल्या हातात उचलून घेतला, उजव्याला लावला आणि धरून ठेवला. दोघींच्या हातांतून ते तांदूळ मावशीच्या पदरात पडले. थोडे गाडीभर सांडले. मी ते गोळा करायला वाकले ती बराच वेळ वर बघितलंच नाही.

बाहेर आले तर मालक चिंचेखाली टोपी तोंडावर घेऊन झोपले होते. त्यांचं पोट हलत होतं, पण झोपलेल्या माणसाचं हलतं तसं नव्हे. मी त्यांना उठवलं नाही.

सकाळी आईला अंघोळ घालून मी मालकांना विचारलं, "निघायचं केव्हा? पुढचा मुक्काम कुठं आहे?"

त्यांनी मान खाजवली. चाकावर बोटं वाजवली. "पुढचा बगितला न्हाय," म्हणाले.

"म्हणजे?"

"हितवरच बगितलाय. गोकर्ण कुठं पळून चाललंय?"

जागा बघितल्याशिवाय गाडीचं तोंड न वळवणारा माणूस गोकर्णाला म्हणून निघाला होता आणि गडहिंग्लजच्या पुढं त्यानं एक झाडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मी तिथंच चिंचेखाली त्यांच्या पाया पडले. ते दचकून मागं सरले आणि म्हणाले, "उठा, उठा, बाई. लोक म्हनतील गाडी बिघडली."

टाकीतलं पाणी संपेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. शपथ शेवटपर्यंत कुणी मोडली नाही. मावशीनं आईला समोरच्या घरात बोलावलं नाही आणि आईनं कधी तिकडं पाऊल टाकलं नाही. सगळं येणंजाणं गाडीत. मावशी सकाळी दूध घेऊन यायची आणि दिवस मावळला तरी पाटावरून उठायची नाही. भांडणंही भरपूर झाली. आजोबांच्या बैलाचा रंग कोणता होता यावरून दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत, म्हणजे एकमेकींसमोर बसून बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. तिनं स्वतःच सांगितलं, माझी खाट गाडीत हलवा. मालकांनी काही विचारलं नाही. गाडी पेरूखाली होती, तिथंच ती राहिली. मावशी गडहिंग्लजहून आली आणि शेवटपर्यंत आईजवळ गाडीत राहिली. आमच्या खोलीचा उंबरा समोरच होता, तिनं तो ओलांडला नाही. मी जेवण तिकडं नेऊन द्यायची. त्या दिवसांत संध्याकाळी बस सुरू व्हायची नाही. मालकीणबाई चहा पाठवताना सवयीनं विचारायच्या, आज कुठल्या गावाला? आणि मालक हळू आवाजात सांगायचे, "अजून हितंच मुक्काम हाय." आई गेली तेव्हा तिचा हात मावशीच्या हातात होता. यासाठी मी कुणाचे आभार मानायचे ते मला पक्कं ठाऊक आहे.

काही वर्षांनी, नव्या शतकात, आम्ही शहराच्या कडेला छोटा प्लॉट घेतला. मालक बघायला आले. वय झालं होतं, काठी टेकत आले, पण आल्या आल्या मातीत आडवे झाले. मी शेजारी उभी राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "उतार बरा हाय. पानी कुठलं? आनी शेजारी भांडखोर कोन हाय का?" मी म्हटलं, अजून कळलं नाही. म्हणाले, "न्हाय तर तुमी हाईसाच." ते हसत उठले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. आमचा पाया भरला गेला आणि ते गेले. घर पुरं झालेलं त्यांनी पाहिलं नाही.

दारं बसवायच्या वेळी सुतार उंबऱ्याचं लाकूड कुठलं घ्यायचं विचारायला आला. मी म्हटलं, उंबरा नको. तो हसला, मग आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "नको म्हणतेय ना ती." शेजारच्या बायकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

वास्तुशांतीला मालकीणबाई सकाळीच आल्या आणि येताना तो पाट घेऊन आल्या. मावशी उशिरा आली. मी तिला उंबऱ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, फक्त ये म्हटलं होतं. आता ती पुरती म्हातारी झालेली, गुडघे गेलेले. दाराशी येऊन थांबली. मांडवातली माणसं बघत होती. तिनं तळहात पदराला पुसला, चौकटीला धरून कष्टानं वाकली आणि दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जमिनीवरून हात फिरवला. नंतर परत एकदा.

मग ती सरळ झाली, बाहेर मोकळ्या अंगणाकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाली, "मालक, न्हाय बगा!" आणि आत आली.